विझलेला भुईनळा

आमच्या गल्लीत मला 'बंबवाली' म्हणतात. अर्थात माझ्या पाठीमागे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही. साल संपायच्या आधीचा शेवटचा मंगळवार आला आणि सूर्य कलला, की ज्याला फटाके उडवायचेत त्याने ते माझ्या अंगणात आणायचे आणि माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या पद्धतीने उडवायचे. गल्लीत नाही, गच्चीवर नाही, आणि खिशात घालून हिंडायचं तर मुळीच नाही. ज्याला पटत नसेल त्याने आपला रस्ता सुधारावा. कझवीन मोठं शहर आहे, हात भाजून घ्यायला जागा पुष्कळ.

अंगणात पाण्याच्या दोन बादल्या भरलेल्या असतात आणि वाळूचा एक डबा. फरशीवर खडूची रेघ. रेघेपलीकडे एका वेळी एकच माणूस, बाकी सगळे अलीकडे. फटाक्यांचं खोकं झाकण लावून जिन्याखाली. एकेक काढायचा, उडवायचा, मग दुसरा. पेटवायचा तो लांब काठीने, हात ताणून, तोंड बाजूला करून, आणि वात धरली की मागे फिरायचं. हातात धरून काही पेटवायचं नाही. आणि जो पेटला नाही तो मेला असं समजायचं नाही. त्याच्यावर वाकायचं नाही, त्याला पायाने ढोसायचं नाही, 'बघू बघू' करत उचलायचं तर नाहीच नाही. घड्याळात बघून अर्धा तास थांबायचं, मग लांबून पाणी ओतायचं, मग बादलीत रात्रभर बुडवायचं.

कपडे मी फाटकातच बघते. चाळीस वर्षं झाली, मी बायकांच्या चादोरी शिवते, डोक्यापासून टाचेपर्यंत येणाऱ्या. कापड बोटांत धरलं की त्याची जात मला कळते. कुणी वाद घातला तर शिवणीतून एक धागा ओढते आणि मेणबत्तीवर धरते. सुताची राख होते, फुंकर मारली की उडून जाते. नायलॉनचा मणी होतो, काळा, कडक. तो कातडीला चिकटला की कातडी घेऊनच निघतो. मग मी म्हणते, जा, बदलून या. लोक कुरकुरतात, पण जातात.

शेजारच्या एशरत खानम दरवर्षी हात पुढे करून म्हणतात, "तलअत, माझ्या सुरकुत्या तपासून घे गं. शंभर टक्के सुती आहेत."

मी म्हणते, "सुरकुत्या सुती आहेत, जीभ नायलॉनची आहे. तिला घरी ठेवून या."

असं हसतखेळत चालतं. पण माझा एक नियम आहे, त्यावर कुणी हसत नाही आणि तो कुणाला कळतही नाही. सगळे आत आले की मी फाटकाला कडी लावते आणि चमचा वाजला तरी उघडत नाही.

त्या संध्याकाळी लोक अंगभर चादोर घेतात, चेहरा झाकतात, दारोदार जाऊन वाडग्यावर चमचा वाजवतात. बोलायचं नाही. घरवाल्याने वाडग्यात मूठभर सुकामेवा टाकायचा, की ते पुढच्या दाराला. कोण होतं ते कळता कामा नये, त्यातच गंमत. पुरुषसुद्धा चादोर घेऊन येतात आणि पायांतल्या बुटांवरून पकडले जातात. सगळ्या गल्लीत दारं उघडतात, एक माझं सोडून. नऊ वर्षं.

शकीबा माझ्या बहिणीची मुलगी. सतरा वर्षांची आहे. नऊ वर्षांपूर्वी तिची आई गेली, बाप बहादोर दुसरं लग्न करून दक्षिणेला बंदरावर नोकरीला गेला, आणि पोर माझ्याकडे राहिली. मला पोरबाळ नाही. सकाळी माजघरातून "खाला, चहा झालाय" अशी हाक येते, तेवढीच माझी दौलत. तिने मला कधी उलट उत्तर दिलं नाही. सतरा वर्षांची मुलगी, आणि उलट उत्तर नाही! बायका म्हणायच्या, काय वळण लावलंयस तलअत. मीही फुशारायची.

फटाक्याला ती हात लावत नाही. दरवर्षी बादलीपाशी उभी राहते आणि सगळं आटोपलं की नळावर जाऊन हात धुते, साबण लावून, दोनदा, तीनदा. मला वाटायचं, आईच्या आठवणीने होत असेल. आपल्या घरातल्या माणसाचं आपल्याला सगळं कळतं असं वाटत असतं.

आता नऊ वर्षांपूर्वीचं ते सांगते.

तेव्हा नियमबियम काही नव्हते. अंगणात तीन शेकोट्या, त्यांवरून उड्या, आपलं फिकेपण आगीला द्यायचं आणि तिची लाली मागून घ्यायची, असा सगळा धिंगाणा. फटाके ज्याच्या त्याच्या हातात. मी सगळ्यांच्या पुढे. चेष्टेखोर म्हणून माझी ख्याती होती; चमचे वाजवणाऱ्यांच्या वाडग्यात मी कधी कांदा टाकायची, कधी रिकामं रीळ. एक भुईनळा पेटला नव्हता. वात आतपर्यंत जळत गेली आणि थंड. तेवढ्यात फाटकाशी तांब्याचा वाडगा वाजला. बघते तर बारीक जांभळ्या फुलांची चादोर, चेहरा झाकलेला, हातसुद्धा कापडात गुंडाळलेले, अंगठीवरून कुणी ओळखू नये म्हणून. चादोर मीच शिवलेली होती, पण त्या ठाणातून मी अकरा शिवल्या होत्या, निम्म्या गल्लीकडे तीच होती. नायलॉन. झुळझुळीत म्हणून बायका त्यावर तुटून पडल्या होत्या.

मी म्हटलं, "घ्या बाई, तुमचा वाटा," आणि तो विझलेला भुईनळा तिच्या वाडग्यात ठेवला.

तिचे खांदे हलले. हसली असावी. बोलली नाही, बोलायचं नसतंच. वाडगा चादोरीच्या आत छातीशी धरला आणि वळली. बारा पावलं गेली असेल. भुईनळा आतल्या आत पेटला.

ती माहरुख होती. माझी धाकटी बहीण. दोन गल्ल्या पलीकडून मुद्दाम मला फसवायला आली होती. शकीबाला दुपारीच माझ्याकडे सोडून गेली होती, म्हणजे मला संशय येऊ नये.

नवं साल लागून सहा दिवस होईपर्यंत ती जगली. घशात नळी होती, त्यामुळे शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही. पोलीस आला, तोच म्हणाला, "मोटारसायकलवरून कुणीतरी टाकला असेल. दरवर्षीचं आहे." मी मान हलवली. बस, एवढंच केलं मी. खोटं एक अक्षर बोलले नाही, नुसती मान हलवली, आणि त्या एका मानेवर नऊ वर्षं हे घर उभं आहे. माहरुखने पाहिलं होतं. चादोरीच्या फटीतून माझा हात तिला दिसलाच असणार. ती पलंगावरून माझ्याकडे बघायची आणि मी खिडकीकडे.

शकीबाला हे कळलं तर ती या घरात एक दिवस राहणार नाही. का राहावं तिने? दुसरी कसलीही भीती मला उरलेली नाही. ही एकच आहे, आणि ती माझ्याबरोबर उठते, माझ्याबरोबर झोपते.

त्या साली मी घरोघर फिरले आणि जांभळ्या फुलांच्या चादोरी परत मागितल्या. कात्रीने चिंध्या केल्या. नऊ मिळाल्या. एक जळाली होती. अकरावी कुणाकडे राहिली ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आणि तेव्हापासून दरवर्षी त्या मंगळवारी, सूर्य बुडता बुडता, फाटकाशी वाडगा वाजतो. वाजवणारे पुष्कळ येतात, पण हल्ली सगळ्यांकडे स्टीलचे वाडगे. हा तांब्याचा आहे. तांब्याचा आवाज खोल जातो आणि लवकर विरत नाही. आधी तीन ठोके, मग थांबतो, मग एक. साल संपताना मेलेली माणसं आपलं घर बघायला येतात असं आमच्याकडे म्हणतात. म्हणोत. मी कडी लावून आत उभी राहते आणि तो चौथा ठोका विरेपर्यंत कडीवरचा हात काढत नाही.

यंदा सकाळी शकीबा सुकामेवा निवडत बसली होती. बदाम, पिस्ते, भाजलेले हरभरे, मनुका. मान वर न करता म्हणाली, "खाला, यंदा फाटक उघडू या."

"उघडतोच की. सगळ्यांना आत घेतो."

"चमचेवाल्यांसाठी म्हणतेय."

"नियम म्हणजे नियम."

"बाकीचे नियम आगीचे आहेत. हा कसला आहे?"

"माझा आहे! बस झालं?"

ती थोडा वेळ पिस्ते चाळत राहिली. मग म्हणाली, "दरवर्षी आईला आपण रिकाम्या हाताने परत पाठवतो."

मी हातातली कात्री खाली ठेवली. "काहीतरीच काय बोलतेस गं सकाळी सकाळी?"

"तांब्याचा आवाज मलाही येतो, खाला. मी काही बहिरी नाही."

मी उठून आत गेले आणि उगाचच चहाचा समोवार घासत बसले, तो आधीच लखलखीत होता.

संध्याकाळी पंधरावीस जण जमले. मी बाह्या तपासल्या, एशरत खानमची सूनबाई नायलॉनचा झगा घालून आली होती, तिला परत पाठवलं. पेटवायची काठी एशरत खानमच्या नवऱ्याकडे, नादेर आगांकडे. माणूस सत्तरीचा, पण फटाका बघितला की आठ वर्षांचा होतो. सात भुईनळे छान उडाले. सगळ्यांची तोंडं उजळली, मीसुद्धा जरा हसले. आठव्याची वात सुरसुरत आत गेली आणि काहीच झालं नाही.

"अरेच्चा, फुसका निघाला की!" म्हणत नादेर आगा निघाले पुढे, हात लांबवून.

"नादेर आगा!" मी अशी ओरडले की छपरावरची कबुतरं उडाली. "हात नको झाले असतील तर मला द्या, माझ्याकडे काज करायला माणूस कमी आहे!"

ते जागच्या जागी थिजले. एशरत खानम म्हणाल्या, "चला हो, बंबवालीचा अर्धा तास सुरू झाला. तोवर माझ्याकडे आश खायला चला सगळे, शेवया फुगून लापशी व्हायची." तोंडावर बंबवाली म्हणाल्या, तेही मी सोडून दिलं. घड्याळात सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. सगळे शेजारच्या दाराने आश खायला गेले. मी राखणीला थांबले. शकीबाही थांबली, तिच्या बादलीपाशी.

आम्ही दोघी आणि रेघेपलीकडे तो भुईनळा. मातीचा, मुठीएवढा. पश्चिमेला अजून उजेड होता.

तेवढ्यात वाजलं. तीन. मग थांबलं. मग एक.

शकीबाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं. ती तरीही चालत गेली, सरळ, न घाबरता, आणि तिने कडी काढली. आयुष्यात पहिल्यांदा तिने माझं ऐकलं नाही.

फाटकात एक बाई उभी होती. बारीक जांभळी फुलं. चेहऱ्यावर पदर ओढलेला, हात कापडात गुंडाळलेले, त्यांत तांब्याचा वाडगा.

अकरावी, मी मनाशी म्हटलं. कुणाच्या तरी पेटीतली अकरावी चादोर आहे, दुसरं काही नाही. पण कमरेतून जरा डावीकडे कललेली ती उभं राहायची ढब मी लहानपणापासून बघत आलेय. माहरुख तशीच उभी राहायची.

शकीबाने दोन मुठी सुकामेवा वाडग्यात टाकला. "थांबा हं," ती म्हणाली, "घरात गोडाचं आहे, आणते." आणि ती माझ्या अंगावरून आत पळाली.

बाईने वाडगा हळूच तिरका केला. बदाम, पिस्ते, मनुका, सगळं उंबऱ्यावर सांडलं. तिने रिकामा वाडगा पुन्हा माझ्यापुढे धरला आणि चमच्याचा एक ठोका दिला.

"काय पाहिजे?" मी विचारलं.

चमच्याचा आणखी एक ठोका.

"मिठाई येतेय. घे आणि जा. कोण आहेस ते मला नाही बघायचं."

वाडगा हलला नाही. मी फाटकापर्यंत कशी गेले माहीत नाही. एवढ्या जवळून मला त्या कापडाचा वास आला. तो वास मी सांगणार नाही. तो मी एकदाच घेतला होता, आणि नऊ वर्षं माझ्या नाकातून गेला नाही.

"माहरुख," मी म्हटलं. "मी ठेवला गं. माझ्या हाताने ठेवला. मोटारसायकलबिटारसायकल काही नव्हती. मला थट्टा सुचली, मी तुझ्या वाडग्यात तो ठेवला आणि वर हसले. तुला दिसलं होतं ना? मग पोलिसापुढे मी मान हलवली, बहादोरपुढे हलवली, तुझ्या पोरीपुढे रोज हलवते. तुला मी मारलं. मी, तलअतने. आता जा. या खुदा, आता तरी जा."

वाडगा मागे गेला, चादोरीत शिरला, छातीशी. ती वळली. मी पावलं मोजू लागले, मला थांबताच येईना. आठ, नऊ, दहा, अकरा. बाराव्या पावलाला ती वळणापाशी पोचली, आणि काही पेटलं नाही. ती वळणाआड गेली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं.

मी मागे वळले. शकीबा पायरीवर उभी होती, हातात मिठाईची ताटली. तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं की तिने पहिल्या शब्दापासून ऐकलंय.

"खाला," ती म्हणाली. तिने हातातल्या ताटलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला वाटत होतं, तू माझ्यासाठी गप्प आहेस."

"तुझ्यासाठी?"

"तो मीच आणून दिला होता ना तुला. भुईनळा. तिथे पडला होता, मी उचलला आणि तुझ्या हातात दिला. तू तो वाडग्यात ठेवलास, तेही मी पाहिलं." तिने ताटली खाली ठेवली आणि आपले दोन्ही तळवे मला दाखवले, जणू अजून त्यांवर काही लागलेलं आहे. "मी दिला नसता तर तू ठेवला नसतास. मला वाटायचं, खालाला हे माहीत आहे. माझं नाव कुठे येऊ नये म्हणून ती सगळ्यांना मोटारसायकल सांगते. म्हणून मी तुला कधी उलटून बोलले नाही. बाबांनी तिकडे बोलावलं तेव्हा गेले नाही. एवढं केलंय तिने माझ्यासाठी, तिला सोडून कशी जाऊ, असं वाटायचं."

मला उभ्या उभ्या कुणी तरी विहिरीत ढकललं असं झालं. नऊ वर्षांत मला सगळं आठवत होतं, पण ते माझ्या हातापासून पुढचं. त्या आधी भुईनळा माझ्या हातात आला कुठून, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. आता दिसलं. आठ वर्षांची पोर, लाल स्वेटर, ओंजळीत काहीतरी धरून शेकोट्यांमधून वाट काढत येतेय. ती रोज माझ्यासमोर साबणाने हात धुवत होती आणि मी शेजारी उभी राहून टॉवेल देत होते.

आणि खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं. नुसतं 'हो' म्हण. 'हो पोरी, तुझ्यासाठीच गप्प होते.' नाहीतर तेही नको, नुसती मान हलव. ती माझ्या गळ्यात पडेल, जन्मभर कुठे जाणार नाही. मान माझी सरावलेली आहे.

"नाही," मी म्हटलं. "तुझ्यासाठी नाही. माझी कातडी वाचवायला गप्प होते. तू माझ्या ध्यानीमनीही नव्हतीस."

तिने डोळे मिटले. थोबाडीत मारल्यावर मिटतात तसे.

"आता पुढचं ऐक. शकीबा, इकडे बघ माझ्याकडे. तू तो भुईनळा घेऊन आलीस तेव्हा माझ्यापासून दोन हात लांब थांबलीस. दिला नाहीस लगेच. आधी विचारलंस. म्हणालीस, 'खाला, हा मेला का?'"

"मी विचारलं?"

"विचारलंस. मला आत्ता तुझा आवाज ऐकू येतोय. मी तो धड बघितलाही नाही. म्हटलं, मेला गं, आण इकडे."

"मी विचारलं होतं?"

"हो."

"नक्की?"

"तुझ्या आईची शपथ. मोठ्या माणसाला विचारायचं असतं, ते तू विचारलंस. उत्तर मी चुकीचं दिलं. तुझ्या हातांना काही लागलेलं नाही, पोरी. कधीच लागलेलं नव्हतं."

ती पायरीवर बसली आणि रडू लागली. सतरा वर्षांच्या मुलीचं रडणं नव्हतं ते, आठ वर्षांच्या पोरीचं होतं, हुंदक्याला हुंदका जोडलेलं, नाक वाहणारं. मला जाऊन तिला पोटाशी धरावंसं वाटलं. पण कुठल्या तोंडाने धरू? मी रेघेपाशी उभी राहिले. शेजारून आशच्या वाट्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता.

मग मी घड्याळ बघितलं. सहा पन्नास. लांबून लोट्याने पाणी ओतलं, चिमट्याने भुईनळा उचलला आणि बादलीत सोडला. तो बुडाला, आणि त्याच्या तोंडातून बुडबुडे निघाले. कितीतरी वेळ निघत होते.

शकीबा उठून बादलीपाशी आली आणि बघत राहिली. मग आत गेली. नळाचा आवाज येईल म्हणून मी कान लावून होते. आला नाही.

परत आली तेव्हा तिच्या अंगावर पांढरी, ठिपक्यांची घरातली चादोर होती. हातात स्वयंपाकघरातला स्टीलचा वाडगा आणि चमचा. तिने चादोरीची कड माझ्यापुढे धरली. मी शिवणीतून धागा ओढला, मेणबत्तीवर धरला. राख झाली. मी फुंकर मारली.

"सुती आहे," मी म्हटलं.

"नव्या सालाला बाबांचा फोन येईल. त्यांना तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

"सांगेन."

"आणि मग सणाचे तेरा दिवस झाले की मी ठरवेन. इथे राहायचं की नाही ते."

"ठरव."

"मला आत्ता तुझ्याशी काही बोलायचं नाहीये, खाला."

तिने पदर चेहऱ्यावर ओढला, उंबऱ्यावरचा सुकामेवा ओलांडला आणि बाहेर पडली. मी फाटक ओढून घेतलं. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप कडीकडे गेला.

तेवढ्यात वाजलं. तीन ठोके. थांबलं. एक.

स्टीलचा आवाज होता. मी फाटक उघडलं. समोर चादोर, झाकलेला चेहरा, कमरेतून जराशी डावीकडे कललेली. ती इतकी उंच कधी झाली मला कळलंच नव्हतं. आईच्या खांद्याला खांदा लागेल एवढी. समोर कोण आहे ते मला माहीत होतं, आणि तरी खरं विचाराल तर सांगता आलं नसतं. मी सुकामेव्याचं अख्खं ताट आणून उंबऱ्याशी ठेवलं आणि ओंजळीओंजळीने वाडगा भरला. पिस्ते वरून ओघळले.

"माफ कर," मी म्हटलं.

बोलायचं नसतं. पण तिने तो वाडगा सांडला नाही, आणि चादोरीच्या आत छातीशीही घेतला नाही. अंगापासून लांब, हात ताणून धरला, मी सगळ्यांना शिकवते तसा, आणि तसाच धरून ती एशरत खानमच्या दाराकडे गेली.

मी कडी लावली नाही.